वांग्याची गाय

परतीचं तिकीट २६ ऑगस्टचं निघालं, तेव्हा २०२४च्या जूनचा शेवटचा आठवडा होता आणि ओसाकात पावसाची झड लागली होती. आईला फोन करून तारीख सांगितली. ती म्हणाली, “गणपतीच्या आधी चांगले दहा-बारा दिवस येतेस. आता आवरायला घे हळूहळू.” मी कपाट उघडलं. ऑफिसचे कपडे, कुकर, मिसळणाचा डबा, आईने पाठवलेल्या कांदा-लसूण चटणीची बरणी, जपानी व्याकरणाची चार पुस्तकं. दोन वर्षांचं घर दोन तासांत आवरून झालं असतं. एवढे दिवस एका गावात काढले आणि त्या गावातलं काही माझ्या घरात आलंच नाही, हे त्या कपाटापुढे उभं असताना मला कळलं आणि फार लागलं.

वेळ मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण भीती होतं. पहिल्याच महिन्यात मी हौसेने एका सार्वजनिक स्नानगृहात गेले होते आणि हातातला पंचा घेऊन तशीच कुंडात उतरले. एक बाई मोठ्याने ओरडल्या. काय म्हणाल्या ते समजलं नाही, पण सगळ्याजणी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी अंग पुसून घरी आले आणि पुढची दोन वर्षं जिथे काही चुकू शकेल अशा कुठल्याही जागी गेले नाही. ऑफिसातलं जपान नियमांचं होतं, ते मला जमत होतं. बाकीचं मी बाहेरून बघत राहिले.

भाषेचीही एक गंमत होती. मी पुण्यात बसून शिकले ती पुस्तकी, टोकियोची जपानी. ओसाकाचे लोक बोलतात ती वेगळीच. प्रमाण मराठी शिकून एखादा माणूस थेट कोल्हापुरात गंगावेशीत उतरावा, तसं माझं झालं होतं. मी कोल्हापूरची, त्यामुळे असल्या बोलीची गोडी मला कळायला हवी होती. कान तयार व्हायला दोन वर्षं लागली.

मैत्रिणी म्हणाल्या, आता फुजी करून घे, होक्काइडो करून घे. मी नाही गेले. नऊ आठवड्यांत ठिकाणं ‘करायची’ म्हणजे परत स्टेशनं आणि आरक्षणंच. मी ठरवलं की तेनरोकु या माझ्या स्टेशनापासून चालत जाता येईल तेवढंच बघायचं. स्टेशनाचं पूर्ण नाव तेनजिनबाशी-सुजी रोकु-चोमे, पण तिथे सगळे नुसतं तेनरोकु म्हणतात. त्याच्या शेजारून बाजाराचा एक रस्ता जातो, वर छप्पर, दोन्ही बाजूंनी दुकानं, लांबी साधारण २.६ किलोमीटर. आपल्या महाद्वार रोडवर छप्पर घालून तो ताणत न्यावा तसा. दोन वर्षांत मी त्यातले पहिले दोनशे मीटर वापरले होते, भाजी आणि औषधांपुरते.

भाजी मी ज्यांच्याकडून घ्यायचे त्या सत्तरीच्या बाईंना सगळे ओबाचान म्हणत, म्हणजे मावशी. मधला स्वर जरा लांबवला की त्याचाच अर्थ आजी होतो, म्हणून तो लांबवायचा नाही. मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर एक गोळी ठेवायच्या. ओसाकाच्या बायकांच्या पिशवीत अशा गोळ्या असतातच, आणि त्या गोळीलाही ‘आमे-चान’ म्हणतात, घरातल्या लेकराला हाक मारावी तसं. दोन वर्षं मी गोळी घेऊन, वाकून, आभार मानून निघून जात होते. त्या जूनमध्ये पहिल्यांदा थांबले आणि सांगितलं, मी ऑगस्टमध्ये परत चालले.

त्यांचं बोलणं मला मनातल्या मनात कोल्हापुरीतच ऐकू यायचं, म्हणून तसंच लिहिते. “आगं, मग अंघोळीला आलीस का न्हाई आमच्या हितं एकदा तरी?” मी तो जुना प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, “संध्याकाळी साताला ये. मी हाय की.”

सेन्तोच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या, दारावर कापडी पडदा आणि त्यावर ‘यु’ हे एकच अक्षर होतं. यु म्हणजे गरम पाणी. चपला ठेवायच्या खणाला लाकडी पट्टीची किल्ली. आत एका बुटक्या बैठकीवर बसून आधी सगळं अंग साबण लावून स्वच्छ धुवायचं आणि मगच कुंडात उतरायचं. पंचा घडी करून डोक्यावर ठेवायचा, पाण्यात नाही. एवढाच तो नियम होता, आणि त्यापायी मी दोन वर्षं घाबरून होते. तिथली पिवळी प्लास्टिकची बादली मी हातात घेतली तर तिच्या तळाशी केरोरिन या डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात. ही बादली जपानभर आहे, पण टोकियोकडे ती मोठी असते आणि इकडे लहान. कारण ओसाकाकडे बऱ्याच ठिकाणी कुंड न्हाणीच्या मधोमध असतं, लोक काठाशी बसतात आणि कुंडातलंच पाणी काढून अंगावर घेतात. मोठी बादली भरली की उचलायला जड होते. मला ही गोष्ट इतकी घरची वाटली! आमच्या न्हाणीतही बंबाचं कढत पाणी आजी मोठ्या तांब्याने कधी घ्यायची नाही, त्यासाठी एक लहान तांब्या वेगळा असायचा.

मावशी माझ्या मागे येऊन बसल्या आणि विचारलं, पाठ चोळू का. हो म्हणताना मला लाज वाटली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यांचा हात खरखरीत होता, आयुष्यभर भाजी निवडलेला. दिवाळीच्या पहाटे उटणं लावताना असाच हात पाठीवरून फिरायचा, खांद्यापासून खाली, मधे न थांबता. नंतर मी त्यांची पाठ चोळली. मग दोघी कुंडात गळ्यापर्यंत बसलो आणि त्यांनी मला त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची कुंडली सांगितली. बाहेर पडताना बाटलीतलं थंड कॉफी-दूध प्यायलो. त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत दर मंगळवारी मी तिथे गेले.

जुलैत मी बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे तेनमान्गू हे मोठं देऊळ आहे, सुगावारा नो मिचिझाने या नवव्या शतकातल्या विद्वानाचं, जो पुढे विद्येचा देव झाला. देवळाला लागूनच हांजोतेई नावाचं छोटं नाट्यगृह आहे, राकुगोचं. राकुगो म्हणजे एकट्या माणसाने गादीवर बसून सांगायची गोष्ट. उठायचं नाही. हातात एक पंखा आणि एक सुती पंचा, बस्स. मान डावीकडे वळवली की घरमालक, उजवीकडे वळवली की भाडेकरू. आपल्या कीर्तनकाराला पूर्वरंग-उत्तररंग आणि उभं राहायला चार पावलांची जागा असते. इथे तीही नाही. ओसाकाच्या बाजूच्या कलाकारापुढे मात्र एक छोटं मेज असतं, आणि त्यावर लाकडी ठोकळा आपटून तो गोष्टीला टाळी देतो.

त्या दुपारची गोष्ट सांगते. एक जण रात्री गाडीवर सोळा मोनचं, म्हणजे सोळा जुन्या नाण्यांचं, उडोन (जाड नूडल्स) खातो. पंख्याच्या काड्या झाल्या, आणि त्या माणसाने रिकाम्या हातातून नूडल्स अशा ओढल्या की शेजारच्या आजोबांनी आवंढा गिळला. पैसे देताना तो एकेक नाणं मोजतो, “सहा, सात, आठ… काय हो, किती वाजले?” गाडीवाला म्हणतो, “नऊ.” हा लगेच पुढे, “दहा, अकरा, बारा…” एक नाणं वाचलं! हे पाहिलेला दुसरा भोळा माणूस दुसऱ्या रात्री तेच करायला जातो, पण उतावळेपणाने लवकर जातो. जुन्या जपानी कालगणनेत मध्यरात्रीचे टोल नऊ, आणि त्याच्या आधीच्या प्रहराचे चार. “सहा, सात, आठ… किती वाजले?” “चार.” “पाच, सहा, सात…”

सगळं नाट्यगृह हसलं आणि त्याच क्षणी मीही हसले. शेजारच्याकडे बघून नाही, मनात भाषांतर करून नाही. दोन वर्षं मी ऑफिसच्या जेवणांत अर्ध्या सेकंदाने मागून हसत आले होते. तो अर्धा सेकंद परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल. त्या दुपारी तो नाहीसा झाला. मला रडू आलं, आणि आजोबांनी काही न विचारता त्यांचा पंचा पुढे केला.

तोवर मी मनातून स्वतःवर नाराज होते, की हे सगळं पहिल्या वर्षी का नाही केलं. हांजोतेईच्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा वाटलं, की पहिल्या वर्षी आले असते तर ही गोष्ट मला ऐकूच आली नसती. मावशींच्या दुकानापुढे रोज दोन मिनिटं उभी राहिल्याचंच ते फळ होतं. दोन वर्षं मी काहीच केलं नाही असं नव्हतं, माझा कान घडत होता.

हांजोतेईत वर बघितलं की छतभर कागदी कंदील दिसतात आणि प्रत्येकावर एकेक नाव. ज्यांच्या देणग्यांतून हे नाट्यगृह उभं राहिलं त्यांची ती नावं. ओसाकात राकुगोचं रोजचं हक्काचं नाट्यगृह साठेक वर्षं नव्हतं, ते २००६मध्ये झालं. हे मी जुलैत नुसतं कौतुकाने बघितलं होतं. मग ८ ऑगस्टला रात्री फोनवर व्हिडिओ यायला लागले. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, शंभरावर वर्षांचं, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. मी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथे पाहिलं, बाबांच्या मांडीवर बसून. त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी मावशींनी माझा चेहरा बघून विचारलं, तेव्हा मी फोन पुढे केला. त्यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आमचं बी समदं गाव जळलं हुतं युद्धात. माझी आय सांगायची. हुतंय परत. येळ लागतोय, पर हुतंय.” पुढच्या शनिवारी मी पुन्हा हांजोतेईत जाऊन बसले. त्या दिवशी मी कंदिलांवरची नावं वाचत राहिले, वाचता येतील तेवढी.

तेनजिन मात्सुरीबद्दल, म्हणजे तेनमान्गू देवळाच्या उत्सवाबद्दल, मी फार लिहिणार नाही, कारण त्यावर सगळे लिहितात. २४ आणि २५ जुलै, उगम इसवी सन ९५१ सालचा, ओकावा नदीत शंभरेक होड्यांची मिरवणूक, वर दारूकाम. गर्दी आपल्या अनंत चतुर्दशीची आठवण करून देणारी. पण एक गोष्ट लिहायलाच हवी, ती टाळ्यांची. दोन नावा नदीत समोरासमोर आल्या की एका नावेतून हाक येते, “उचिमाशो!” म्हणजे वाजवूया, आणि दोन टाळ्या पडतात. “मो हितोत्सु से!” आणखी एकदा, की दोन टाळ्या. मग “इवाउते सानदो!” आणि तीन. तेवढ्यात नावा पुढे निघून जातात, पुन्हा भेट नाही. काठावरचे आम्हीही वाजवत होतो. “पुंडलिक वरदे” म्हटल्यावर अनोळखी माणसाच्या तोंडून पुढचं आपोआप येतं ना, तसं.

आता गायीची गोष्ट. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी सहकारी टोकियोजवळच्या साइतामाची. ऑगस्टमधल्या बोनच्या सुट्टीत ती घरी जाणार होती. बोन म्हणजे आपला पितृपक्षच, फक्त तीन-चार दिवसांचा. १३ ऑगस्टच्या सुमाराला पितर घरी येतात, १६ला परत जातात. डबा खाताना तिने फोनवर फोटो दाखवला. तिच्या आईने देवघरापुढे मांडलेली एक काकडी आणि एक वांगं, दोन्हींना काड्यांचे चार-चार पाय. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, काकडीचा घोडा आहे, पितरांनी येताना त्यावर बसून लवकर यावं. आणि वांग्याची गाय, जाताना तिच्यावरून जावं, सावकाश, सोबत दिलेलं सामान घेऊन.

मी चमचा खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी मी ओसाकात आले ती घोड्यावरूनच आले होते, घाईने, पहिल्या दिवसापासून कामाला. आणि आता जून-जुलैत मी जे करत होते त्याला नाव सापडलं. रोज थोडं थांबत, वाटेत कुणी दिलेलं घेत, मागे बघत चालले होते. आपल्याकडे निरोप देताना “सावकाश जा” म्हणतात ते मी नुसतं काळजीचं समजत आले होते.

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे ओसाकात हे फारसं करत नाहीत, पण चाळीस वर्षं वांगी विकून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग जरा थांबून म्हणाल्या, “आमच्या म्हाताऱ्याचा हा पहिला बोन.” त्यांचे यजमान आधीच्या पानगळीत गेले होते. मी दोन वर्षं रोज त्यांच्याकडून भाजी घेत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी मला शाळेच्या मैदानावर नेलं. त्याआधी दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या लेकीची निळी युकाता, म्हणजे सुती किमोनो, मला नेसवली. मी आरशात बघून पदर गुंडाळायला गेले तर हातावर चापट बसली. डावी बाजू वर पाहिजे. उजवी वर आली तर ते प्रेताचं नेसणं होतं. आमच्याकडे श्राद्धाला जानवं अपसव्य करतात, उलट्या खांद्यावर घेतात, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, यात नवल काय अशी. मेलेल्यांची दिशा उलटी असते, हे त्यांना जसं माहीत होतं तसं आम्हालाही.

मैदानाच्या मधोमध लाकडी माचाण होतं, वर ढोल, गाणारा आणि कंदिलांच्या माळा. भोवती गोल. बोन ओदोरी म्हणजे पितरांबरोबरचा नाच. कावाची ओन्दो नावाची इकडची पोवाड्यासारखी लांबच लांब कथा गाणारा सांगत राहतो, आणि सगळे मधे साथ देतात, “एन्याकोरासे, दोक्कोइसे!” पावलं फार अवघड नाहीत. पुढे, पुढे, टाळी, मागे. पहिल्या फेरीत मी दोनदा शेजारणीवर आदळले. तिने नुसतं माझं कोपर धरून मला फिरवलं. तिसऱ्या फेरीला पाय आपोआप पडायला लागले आणि मला भोंडला आठवला. मधे पाटावर हत्ती, भोवती आम्ही, आणि फेर धरायला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. तिथेही वय विचारत नव्हते, इथेही नाही. माझ्या पुढे सहा वर्षांची मुलगी होती आणि मागे काठी टेकत एक आजी, काठी न थांबवता टाळीच्या ठेक्यावर आपटणारी.

मावशी माझ्या शेजारी नाचत होत्या. रडत नव्हत्या. डावा हात मात्र जरा बाजूला, मोकळा धरलेला, शेजारी कुणी चालत असावं तसा. मी तिकडे बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं. विसाव्याला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, “तुझ्याकडचं कोण आलंय?” मी म्हटलं, आमचे पितर अजून नाही आले. ते भाद्रपदात येतात, गणपती गेल्यावर. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “मग तू हो म्होरं. त्येंच्या आधी घरला पोच.” आणि पिशवीतून आमे-चान काढून माझ्या हातावर दोन ठेवल्या.

शेवटचा शनिवार २४ ऑगस्टचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुडघ्याएवढा एक दगडी जिझो होता, गळ्यात लाल लाळेरं बांधलेला. जिझो म्हणजे आपल्याकडून गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, तिथे तो लहान मुलांचा रखवालदार झाला. दोन वर्षं मी रोज सकाळी त्याच्या पुढून धावत गेले होते. ओसाका-क्योतोकडे २३ आणि २४ ऑगस्टला जिझो-बोन असतो. गल्लीतल्या मुलांच्या नावाचे कंदील टांगले होते, खाऊच्या पुड्या बांधून ठेवल्या होत्या, आणि रस्त्यावर सतरंजी घालून मुलं, त्यांच्या आया, दोन-तीन आजोबा गोल करून बसले होते. सगळ्यांच्या मांडीवरून एकच भली लांब जपमाळ गेलेली. मंत्र चालू होता आणि माळ हातोहात सरकत होती. तिच्यात एक मणी मोठा, आवळ्याहून मोठा. तो ज्याच्यापुढे येईल त्याने तो उचलून कपाळाला लावायचा आणि पुढे द्यायचा.

मी बॅगेचं कुलूप घ्यायला बाजारात निघाले होते. एका मुलाने सरकून जागा केली आणि सतरंजीवर हात थोपटला. मी चपला काढून बसले. माळ हातात घेतली तर तिचे मणी घामाने, हातांनी गुळगुळीत झालेले, कोमट होते. समोरच्या बाजूला मावशी होत्या. मोठा मणी त्यांच्याकडे आला, त्यांनी डोळे मिटून तो कपाळाला लावला आणि सोडला. मग तो एका आजोबांकडे गेला, मग जुळ्या बहिणींकडे, त्यांनी भांडून दोघींनी मिळून उचलला. माझ्या शेजारच्या मुलाने मान वाकवून त्याला टेकवली आणि तो माझ्याकडे सरकवला.